पायरियाने दात गेले असतील तर इम्प्लांट कसा टिकवायचा: नाशिकच्या रुग्णांसाठी सुरुवातीपासून

पायरियाने दाढ हलून पडलेल्या माणसापुढे इम्प्लांटचा, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूचा, विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, दातच गेला, आता कीड कुठून लागणार? स्क्रू तर धातूचा ना?" कीड खरंच लागत नाही, कारण टायटॅनियम किडत नाही. पण तुमची दाढही किडून गेली नव्हती. हिरडीखाली वर्षानुवर्षं साठलेल्या जंतूंमुळे सूज राहिली, त्या सुजेने दाताभोवतीचं हाड हळूहळू संपलं, आणि आधार गेल्यावर धडधाकट दाढ हातात आली. ते जंतू दाढेबरोबर बाहेर पडत नाहीत. उरलेल्या दातांभोवती ते तसेच असतात आणि नव्या इम्प्लांटभोवतीही पोहोचतात.

म्हणून पायरिया झालेल्यांनी इम्प्लांट करूच नये, असं नाही. नाशिकमध्ये हिरड्यांच्या आजारांवर काम करताना मी अशा रुग्णांचे इम्प्लांट वर्षानुवर्षं उत्तम चाललेले पाहतो. त्यांनी आधी हिरड्या पूर्ण ताळ्यावर आणल्या आणि नंतर तपासणीला येणं कधी सोडलं नाही. या दोन गोष्टींच्या मानाने इम्प्लांट कुठल्या कंपनीचा हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. रुग्ण मात्र सगळा वेळ त्याच प्रश्नावर घालवतात, म्हणून हा लेख.

जंतू कुठून येतात

अमेरिकेतल्या सिग्मंड सॉक्रान्स्की यांच्या गटाने १९९८ मध्ये १८५ जणांच्या तोंडातले हिरडीखालच्या थराचे १३ हजारांहून अधिक नमुने तपासून जंतूंचे गट पाडले. पायरियाच्या खोल जखमांशी सर्वांत घट्ट नातं असलेल्या तीन जंतूंच्या गटाला त्यांनी लाल रंग दिला: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. या तिघांना प्राणवायू सोसत नाही. हिरडी आणि दात यांच्यामधली फट जितकी खोल, तितकी ती जागा त्यांच्या सोयीची. या फटीला आम्ही पॉकेट म्हणतो. हे जंतू सुटे फिरत नाहीत. आधी साधे जंतू चिकटतात, त्यांच्यावर फ्युजोबॅक्टेरियमसारखे दुवा साधणारे येतात आणि त्यांच्या आधाराने हे तिघे जम बसवतात. असा चिकट थर तयार झाला की नुसत्या चुळा भरून तो निघत नाही, आणि गोळ्यांचा परिणामही त्याच्या आतवर नीट पोहोचत नाही.

इम्प्लांट तोंडात उघडा झाल्यावर अर्ध्या तासात त्यावर जंतू बसायला सुरुवात होते. एक-दोन आठवड्यांत तिथे हिरडीखालची पूर्ण वस्ती तयार होते, आणि ती असते शेजारच्या दातांभोवतीच्या वस्तीसारखीच. दात स्वच्छ आणि हिरड्या घट्ट असतील तर निरुपद्रवी वस्ती. शेजारी सहा मिलिमीटरचं रक्ताळणारं पॉकेट असेल तर तिथले लाल गटवाले इकडेही. द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजावावं लागत नाही: आजूबाजूच्या ओळींत डावणी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, असताना मधल्या रिकाम्या जागेत नवं कलम कोणी लावत नाही.

काहीजण यावर टोकाचा उपाय सुचवतात. "मग उरलेले सगळे दात काढून टाका, जंतूच संपतील." एकेकाळी दंतवैद्यांनाही असंच वाटायचं. पुढे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या बारीक चाचण्या आल्या आणि सगळे दात काढलेल्या तोंडातही हेच जंतू सापडले. संख्या कमी, पण जिभेच्या मागच्या भागावर, टॉन्सिलवर, लाळेत ते शिल्लक असतात. वाचण्यासारखे दात केवळ जंतूंच्या भीतीने काढायला कोणी सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता इम्प्लांटची बाजू. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. हाडाशी जुळण्याचा प्रश्न तेव्हापासून बराचसा सुटलेला आहे. अडचण वर, हिरडीपाशी आहे. नैसर्गिक दातात हिरडीचे तंतू मुळाच्या पृष्ठभागात आडवे घुसलेले असतात आणि खाली उतरणाऱ्या सुजेला अडवतात. इम्प्लांटमध्ये घुसायला जागाच नसल्याने तंतू त्याला समांतर, नुसते टेकून उभे असतात. दाताच्या मुळाभोवती पडद्यासारखा जो अस्थिबंध असतो तोही इथे नाही, त्यामुळे त्यातून येणारा रक्तपुरवठाही नाही. शिवाय हाड धरावं म्हणून इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला असतो, त्यावर आटे असतात. हाड खाली सरकून ते आटे उघडे पडले की जंतूंना लपायला भरपूर जागा मिळते आणि आम्हाला ती साफ करणं अवघड जातं.

इम्प्लांटभोवतीच्या आजाराच्या दोन अवस्था आहेत. पहिलीत फक्त हिरडी सुजते, रक्त येतं, हाड शाबूत असतं. ही वेळेवर सफाई केली तर मागे फिरते. दुसरीत हाड झिजायला लागतं, आणि ते एकदा सुरू झालं की बहुधा दातापेक्षा वेगाने जातं. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात इम्प्लांट असलेल्या लोकांपैकी सुमारे ४३ टक्क्यांत पहिली आणि सुमारे २२ टक्क्यांत दुसरी अवस्था आढळली. हे आकडे सरसकट सगळ्या रुग्णांचे. पायरियाचा इतिहास असलेल्यांचा धोका सरासरीपेक्षा जास्त, आणि तपासणीला न येणाऱ्यांचा त्याहून जास्त.

पायरी पहिली: आधी सगळ्या तोंडाचं मोजमाप

इम्प्लांटसाठी गेलात आणि डॉक्टरांनी फक्त रिकाम्या जागेचा स्कॅन काढला, तर नम्रपणे विचारा, "बाकीच्या दातांचं चार्टिंग कधी करायचं?" हा शब्द लक्षात ठेवा. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून खोली मोजतात. एकजण मोजतो, दुसरा लिहून घेतो: "तीन, दोन, तीन. तीन, तीन, पाच, रक्त." तोंडात २४ दात उरले असतील तर १४४ आकडे. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचा सगळा निर्णय या कागदावर ठरतो, तेव्हा त्याची एक प्रत मागून घ्या.

कागद वाचायला सोपा आहे. एक ते तीन म्हणजे ठीक. चारवर लक्ष ठेवायचं. पाच किंवा अधिक आणि शेजारी रक्ताची खूण असेल, तर तिथे जंतूंचं ठाणं अजून आहे. रक्ताची खूण आकड्याइतकीच महत्त्वाची असते.

मग उपचार. हिरडीच्या वरची आणि खालची सफाई, म्हणजे स्केलिंग आणि मुळांची खोल सफाई, ही सहसा भूल देऊन एक-दोन किंवा जास्त बैठकांत होते. "क्लिनिंगने दात सैल होतात" हा समज अजूनही खूप जणांच्या मनात आहे. होतं असं, की दात आधीच सैल झालेले असतात. किटणाच्या जाड थराने ते एकमेकांना टेकून उभे राहतात आणि किटण निघाल्यावर खरी परिस्थिती दिसते. सफाईनंतर सूज उतरते, हिरडी आवळते, आणि हलणारे काही दात आधीपेक्षा घट्टही होतात. जे दात वाचणारच नाहीत ते याच टप्प्यात काढायचे.

सफाई झाली की लगेच इम्प्लांट नाही. साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पूर्ण चार्टिंग. पाच किंवा त्याहून खोल, रक्ताळणारी पॉकेट उरली असतील तर तिथे पुन्हा सफाई किंवा हिरडी उघडून छोटी शस्त्रक्रिया. रक्त येणाऱ्या जागा एकूण जागांच्या २० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी झाल्या आणि दातांवरचा थर तुम्ही घरी रोज काढताय हे दिसलं, की मगच इम्प्लांटची तारीख. खोल पॉकेट तशीच ठेवून बसवलेल्या इम्प्लांटना पुढे जास्त त्रास होतो, हे दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे.

हे तीन-चार महिने जातात आणि लोकांचा धीर इथेच सुटतो. मुलीचं लग्न तोंडावर असतं, "आधी दात बसवा, बाकीचं नंतर बघू" म्हणतात. माझं सांगणं एकच: लग्नापुरती काढता-घालता येणारी कवळी करून घ्या. फोटोत कोणाला कळत नाही, खर्च कमी, आणि हाडात बसवायचा स्क्रू घाईत बसत नाही.

अँटिबायोटिकबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पाच दिवसांचा कोर्स घेतला आणि रक्त थांबलं, तर पायरिया बरा झाला असं समजू नका. थर जागेवरच असतो, जंतू पुन्हा वाढतात, आणि औषधाला न जुमानणारे मागे राहतात. ठरावीक गंभीर रुग्णांमध्ये खोल सफाईच्या जोडीला डॉक्टर गोळ्या देतात, तो वेगळा भाग. तसंच, "कोणता जंतू आहे" हे शोधणाऱ्या महागड्या चाचण्यांची बहुतेकांना गरज नसते. पॉकेटची खोली, रक्त आणि एक्स-रे यांवरून उपचार ठरतो.

पायरी दुसरी: तंबाखू आणि तीन महिन्यांची साखर

सिगारेट-बिडीने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून हाड झिजत असूनही रक्त कमी येतं. धूम्रपान करणाऱ्याला आपल्या हिरड्या ठणठणीत वाटतात, हा मोठा धोका आहे. मशेरीचं आपल्याकडे वेगळंच आहे. ती दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून लावली जाते, त्यामुळे ती तंबाखू आहे हेच अनेक मावशींच्या ध्यानात नसतं. "आम्ही तंबाखू खात नाही हो डॉक्टर" असं त्या मनापासून सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर मशेरी घासतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो तोंडात दिसतोच. शस्त्रक्रियेच्या निदान काही आठवडे आधी हे सगळं बंद करा आणि पुढे बंदच ठेवा. जमत नसेल तर लपवू नका. मग इम्प्लांटऐवजी ब्रिज (शेजारच्या दातांना धरून बसवलेला दात) किंवा कवळीचा विचार करता येतो.

मधुमेह असेल तर त्या दिवशीच्या उपाशीपोटी साखरेवर भागत नाही. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ७ च्या आसपास किंवा खाली हवी. ८ च्या वर असेल तर मी थांबायला सांगतो. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील, कॅन्सरचे उपचार झाले असतील, तर ते आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नका.

पायरी तिसरी: दात घासता येईल असा आराखडा

रुग्ण विचारतात, "दात खऱ्यासारखा दिसेल ना?" त्याच दमात हेही विचारा: "याच्या बाजूने छोटा ब्रश जाईल ना?" इम्प्लांटवर जो कृत्रिम दात बसवतात त्याला कॅप म्हणतात. इम्प्लांटभोवतीचा आजार कुठे जास्त होतो हे पाहिलं तर ज्या कॅपच्या कडेपर्यंत ब्रश पोहोचतच नाही अशा जागा पुढे असतात. हिरडीतून वर येताच एकदम फुगणारी कॅप, दोन जोडलेल्या कॅपमध्ये फटच न ठेवणं, पूर्ण जबड्याच्या फिक्स दातांखाली हिरडीवर घट्ट बसलेला गुलाबी भाग, या सगळ्याने सफाई अशक्य होते. दिसायला छान, घासायला अशक्य, असा दात पायरियाच्या रुग्णाने घेऊ नये.

दुसरा मुद्दा सिमेंटचा. कॅप दोन प्रकारे बसते: सिमेंटने चिकटवून किंवा स्क्रूने आवळून. चिकटवताना जादा सिमेंट हिरडीखाली सरकलं तर ते वरून दिसत नाही आणि खडबडीत खड्यासारखं तिथेच राहतं. जंतूंना ते आयतं घर. रक्ताळणाऱ्या इम्प्लांटची हिरडी उघडल्यावर कॅपच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं सिमेंट निघालेलं मी पाहिलं आहे. रुग्णाला तिथे कधी दुखलंही नव्हतं. म्हणून जिथे जमेल तिथे स्क्रूची कॅप मागा. ती पुढे कधीही काढून साफ करून परत बसवता येते. सिमेंटचीच लागणार असेल तर कॅपची कड हिरडीच्या वर किंवा काठाशी ठेवणं आणि बसवल्यावर लगेच एक्स-रे काढणं, एवढं तरी व्हावं.

इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी गुलाबी हिरडी दोन मिलिमीटर तरी असेल तर घासताना दुखत नाही. दुखत नसेल तर माणूस नीट घासतो. ती नसेल तर टाळूची थोडी हिरडी घेऊन तिथे लावतात. हे इम्प्लांटच्या आधी किंवा सोबत उरकलेलं बरं.

शेवटी संख्या. गेलेल्या प्रत्येक दातामागे एक स्क्रू लागत नाही. पायरियाच्या तोंडात कमी इम्प्लांट आणि त्यांच्यात ब्रश जाईल एवढं अंतर, हे मला जास्त पटतं.

पायरी चौथी: शस्त्रक्रिया आणि कॅप बसण्याचा दिवस

शस्त्रक्रियेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती जागा बधिर करून होते. पहिले काही दिवस मऊ जेवण, थंड शेक, टाक्यांवर ब्रश नाही, बाकी दात मात्र रोजच्यासारखे घासायचेच. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश साधारण दोन आठवडे देतात. ते पेस्ट लावून दात घासल्यावर लगेच वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या. महिनोन्‌महिने तर अजिबात नको, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बिघडते. हाडाशी जुळायला साधारण दोन ते सहा महिने लागतात.

कॅप बसण्याचा दिवस लोक मिठाई घेऊन साजरा करतात. तो आनंद खराच, पण त्या दिवशी तीन गोष्टी हातात घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. इम्प्लांटची कंपनी, माप आणि लॉट क्रमांक लिहिलेलं कार्ड. त्या दिवसाचा सरळ कोनातला छोटा एक्स-रे, ज्यात आटे आणि हाडाची कड स्पष्ट दिसते. आणि इम्प्लांटभोवतीच्या खोलीचे आकडे, जे कॅप बसल्यावर हिरडी स्थिरावली की घेतले तरी चालतात. पुढच्या प्रत्येक तपासणीत याच्याशीच तुलना होणार आहे. पहिल्या वर्षात हाडाची कड थोडी खाली जाऊ शकते, तो बसण्याचा भाग. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त गेली तर मात्र कारण शोधायला हवं.

पायरी पाचवी: रोजची सफाई, आरशासमोर

इथे सावकाश वाचा, कारण जंतूंचा थर रोज नव्याने बसतो आणि तो काढणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

नेहमीचा ब्रश मऊ दातांचा घ्या. हिरडीच्या काठावर तिरका ठेवून, अर्धा दातावर, अर्धा हिरडीवर, छोट्या हालचाली करा. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू बहुतेकांकडून सुटते, म्हणून सुरुवात तिथूनच करा. मग एकच झुपका असलेला छोटा ब्रश, सिंगल टफ्ट म्हणून मिळतो, तो घेऊन इम्प्लांटच्या कॅपभोवती हिरडीच्या काठाने फिरवा.

त्यानंतर सगळ्यांत महत्त्वाचं हत्यार: इंटरडेंटल ब्रश, दोन दातांच्या फटीत घालायचा बाटलीच्या ब्रशासारखा इवलासा ब्रश. तो वेगवेगळ्या मापांत येतो आणि माप तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या तोंडात घालून ठरवायचं असतं. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात. थोडा अडून आत जाईल, पण तार धातूवर घासणार नाही, हे योग्य माप. सैल जात असेल तर तो साफ करत नाही. इम्प्लांटसाठी तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच घ्या.

आरशासमोर उभे राहा, तोंड अर्धवट मिटा. गाल सैल झाला की मागच्या दाढेपर्यंत हात जातो. तोंड मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि जागाच राहत नाही. ब्रश गालाकडून हिरडीला लागून आत सरकवा, आधी कॅपच्या बाजूला टेकवून चार-पाच वेळा आत-बाहेर, मग शेजारच्या दाताच्या बाजूला टेकवून तसंच. शक्य असेल तिथे जिभेकडूनही. पेस्ट लावायची गरज नाही. बाहेर काढल्यावर ब्रश बघा आणि त्याचा वास घ्या. पहिल्या दिवसांत रक्त दिसेल, वास येईल. रोज न चुकता केलं तर एक-दोन आठवड्यांत दोन्ही कमी व्हायला हवं. तसं झालं नाही तर आतमध्ये तुमच्या हाताबाहेरचं काहीतरी आहे, तेव्हा दवाखान्यात जा.

दोऱ्याचा फ्लॉस इम्प्लांटला जपून. आटे किंवा खडबडीत भाग उघडा असेल तर त्याचे तंतू तिथे अडकून राहतात आणि त्यांच्यामुळेच सूज वाढलेली आढळली आहे. पाण्याची पिचकारी मारणारं यंत्र जोडीला चांगलं, फिक्स दातांच्या पूर्ण जबड्याला तर फारच उपयोगी, पण ब्रश सोडून फक्त त्यावर राहू नका. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड, खरखरीत मंजन इम्प्लांटच्या आसपास नको. जीभ रोज साफ करा, मागचा भागसुद्धा.

वेळ रात्रीची ठेवा. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांची अडचण मला माहीत आहे: नाइट शिफ्ट सुटून घरी आलं की सरळ झोप. त्यांनी झोपण्याआधीची वेळ धरायची, मग ती सकाळी आठची का असेना.

पायरी सहावी: तपासणीचं वेळापत्रक

पायरिया झालेल्यांनी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी यायचं. वर्ष-दोन वर्षं आकडे स्थिर राहिले तर डॉक्टर चार-सहा महिन्यांवर नेतील. सहा महिन्यांच्या पुढे मी तरी कोणाला जाऊ देत नाही.

निफाड, दिंडोरीच्या बागायतदारांची दांडी ठरलेल्या काळात पडते, म्हणून तारखा बागेच्या कामाशी जुळवून घ्या: ऑक्टोबर छाटणीच्या आधी सप्टेंबरच्या सुरुवातीला, काढणी सुरू होण्याआधी डिसेंबरमध्ये, माल उतरल्यावर मार्चअखेर, आणि एप्रिलची खरड छाटणी मार्गी लागल्यावर जूनमध्ये. मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा. सुरगाणा-पेठकडून येणाऱ्यांनी बाजाराच्या किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशीच वेळ मागावी.

तपासणीत काय व्हायला हवं? इम्प्लांटभोवती सळईने हलक्या हाताने मोजणं. "सळईने इम्प्लांट खराब होतो" म्हणून ते टाळायची पद्धत होती, आज ती चूक मानली जाते. न मोजता आजार पहिल्या अवस्थेत सापडतच नाही. उरलेल्या दातांचं मोजमाप. पहिल्या वर्षी आणि पुढे गरजेप्रमाणे एक्स-रे. सफाई करताना इम्प्लांटवर साधी पोलादी हत्यारं घासायची नसतात. त्यासाठी टायटॅनियमची किंवा खास प्लॅस्टिकच्या टोकाची हत्यारं असतात, आणि ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉलची मऊ पूड मारणारं यंत्रही चालतं. कुठलं वापरणार, हे विचारायला संकोच करू नका.

ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही त्यांनी पंचवटीतल्या के. बी. एच. दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या विभागात चौकशी करावी. महाविद्यालयात वेळ जास्त जातो, पण शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली सावकाश मोजतात, आणि पायरियाला तेच हवं असतं.

पायरी सातवी: रक्त दिसलं तर

इम्प्लांटला नस नसते. म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. घासताना रक्त, हिरडी दाबल्यावर पू, वाईट चव किंवा वास, हिरडी खाली सरकून धातू दिसणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात जा. कॅप हलत असेल तर कधी फक्त आतला स्क्रू सैल झालेला असतो, तो आवळता येतो. इम्प्लांटच हाडात हलत असेल तर मात्र बहुधा तो काढावाच लागतो.

फक्त सूज असेल तर सफाईने ती जाते, पण वेळ देऊन. स्वयंसेवकांवरच्या एका प्रयोगात तीन आठवडे सफाई बंद ठेवून सूज आणली गेली. पुढे तीन आठवडे नीट घासल्यावर दातांभोवतीची आणि इम्प्लांटभोवतीची सूज पुष्कळ उतरली, तरी ती पूर्णपणे पूर्वपदावर आली नव्हती. दोन दिवस घासून फरक पडला नाही म्हणून सोडू नका.

हाड गेलं असेल तर आधी कॅप काढून, शक्य तितकी आत सफाई करून सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजतात. अशा सफाईच्या जोडीला गोळ्या सरसकट देण्याची शिफारस आता केली जात नाही. खोली आणि रक्त तसंच राहिलं तर हिरडी उघडून पृष्ठभाग साफ करतात, हाडाचा खड्डा योग्य आकाराचा असेल तर तिथे हाडाची भुकटी भरतात. यश मिळतं, पण ते नेहमी मिळेल असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हाड अर्ध्याहून जास्त गेलेला इम्प्लांट ओढूनताणून ठेवण्यापेक्षा काढून, जागा भरू देऊन पुन्हा विचार करणं कधी कधी शहाणपणाचं ठरतं.

ज्यांनी आधीच इम्प्लांट केला आहे त्यांच्यासाठी

बऱ्याच जणांचा इम्प्लांट पाच-सात वर्षांपूर्वी झालेला असतो. कार्ड नाही, एक्स-रे नाही, काहींचा तर बसवणारा दवाखानाही आता बंद. घाबरू नका. आजचं मोजमाप आणि आजचा एक्स-रे हाच आता तुमचा पहिला कागद. जुने आकडे नसतील तर २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेला निकष वापरतात: रक्त किंवा पू, सहा मिलिमीटर किंवा जास्त खोली, आणि इम्प्लांटच्या हाडातल्या वरच्या कडेपासून हाड तीन मिलिमीटर किंवा जास्त खाली गेलेलं, हे सगळं एकत्र दिसलं तर हाडाचा आजार धरायचा. यातलं फक्त रक्त दिसलं तर अजून वेळ आहे. जाताना जुन्या फाइली, बिलं, फोनमधले एक्स-रेचे फोटो, जे सापडेल ते बरोबर न्या. एखाद्या बिलावर इम्प्लांटच्या कंपनीचं नाव असेल तर कॅपचा स्क्रू उघडायला लागणारी नेमकी चावी कोणती, हे त्यावरून कळतं.